भूप, काळी पाच आणि बँडचा गंधार

लग्नाच्या बँडवाल्यांना पट्टी विचारा, "बी फ्लॅट" म्हणतील. आपल्या पेटीवर ती काळी पाच. ट्रम्पेट, युफोनियम (ट्रम्पेटपेक्षा मोठं, खर्जातलं पितळी वाद्य), ट्रॉम्बोन, तिघांचाही मोकळा सूर याच घरातला. त्यामुळे पावसाळ्यात सुपाऱ्या नसताना आमच्या सांगलीतल्या चौघांना घेऊन भूप रागातली तीनतालाची चीज बसवायला घेतली, तेव्हा षड्जावरून वाद झालाच नाही. वाद झाला गंधारावरून.

"सर, ग उतरतोय." युफोनियमवाले काका मोबाइलवर ट्यूनर लावून बसलेले. "ओठ आवळून चढवू का?"

"अजिबात नको काका. आधी तो मोबाइल बंद करा."

पितळी नळीत पिस्टन न दाबता जे स्वर निघतात ते मूळ सुराच्या पटीतले असतात. पाचव्या पटीचा स्वर म्हणजे गंधार, आणि तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट खाली, अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याइतका. मिरजेचा तंबोरा नीट जुळला की जो स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा गंधार ऐकू येतो, तो हाच. मी स्वतः पेटीवाला आहे, तरी सांगतो, भूपात पेटीचा गंधार टोचतो. बँडला खरा गंधार फुकटात मिळतो आणि ही मंडळी वर्षानुवर्षं कीबोर्डच्या नादानं तो चढवत बसतात!

मग सगळी वाटणी या गंधाराभोवती केली. स्थायी, म्हणजे चिजेचा पहिला भाग, काकांना दिली. युफोनियमच्या त्या सप्तकात सा, ग, प तिन्ही ओपन, म्हणजे पिस्टन न दाबता. अंतरा, म्हणजे वरच्या सुरांतला दुसरा भाग, ट्रम्पेटला, कारण तिथं तार षड्ज आणि तार गंधार ओपन मिळतात आणि पोराचा दमही टिकतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पिस्टनवर धड येत नाही, ती सरकत्या नळीच्या, म्हणजे स्लाइडच्या, ट्रॉम्बोनची. पंचमावरून गंधारावर आणि तार षड्जावरून धैवतावर, दोन्हीकडे अंतर तीन अर्ध्या सुरांचंच. म्हणजे स्लाइड पहिल्या पोझिशनवरून चौथीवर, हात तोच. दोनदा करून दाखवल्यावर ट्रॉम्बोनवाला जो खूश झाला, सारखं तेच वाजवत बसला.

कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, घाला असा आग्रह झाला. नाही घातल्या. रिषभाखाली एक आणि धैवताखाली दुसरी कॉर्ड आली की भूप संपला, सिनेमाचं गाणं सुरू. खाली फक्त सा आणि प; दुसरा ट्रम्पेट आणि मोकळा असेल तेव्हा ट्रॉम्बोन. दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, एवढीच अट. याचीच तालीम सगळ्यात जास्त झाली.

ताना जवळपास सगळ्या काढल्या. चौघांची एकत्र तान म्हणजे वरातच. ट्रम्पेटची एक ठेवली आहे, आठ मात्रांची, थेट समेवर येणारी. पोराचं म्हणणं, दोन हव्यात. बघू.