तुम्ही विचारलंत म्हणून: पोवळा दोन्हीकडनं चावतो का?

अंबाजोगाईच्या आसपास कुणाच्या घरी साप धरायला गेलो की हा प्रश्न ठरलेला. मांडुळाबद्दल विचारतात तसाच पोवळा या बारीक, विषारी सापाबद्दलही. "सर, हे दोन्हीकडनं चावतंय का?"

माझा पहिला पोवळा मी वाळा, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनविषारी साप, समजून चक्क तळहातावर घेतला होता. पावसाळा होता. एका घराच्या अंगणातली कुंडी उचलली, तर खाली ओलीत तपकिरी, पेन्सिलीहून बारीक साप. मी नवशिका, त्यात बघायला दहा जण जमलेले. मग काय, घेतला हातावर. त्यानं डोकं वेटोळ्याखाली घातलं, शेपूट वळवून वर उचलली आणि तिची खालची निळसर बाजू दाखवली. शेपटीवर दोन काळी कडी. मग डोकं दिसलं: काळंभोर, पिवळे ठिपके असलेलं. माझा हात तिथंच गार पडला. बरणी जवळ होती म्हणून बरं.

"एकच तोंड हाय तर दुसरं कशाला दाखवतंय?" घरातल्या आजींनी विचारलं. आजी, तुम्ही फसलात ना, त्यासाठीच! शत्रूनं शेपटीवर झडप घालावी, डोकं वाचावं.

तोंड एकच, पण ते नाग-मण्यारच्या कुळातलं. जबडा एवढासा, स्वभाव लाजरा, मातीत दडून राहणारा. त्यामुळं दंश क्वचितच होतो. पण आपल्या दवाखान्यांतलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. पोवळा त्यात नाही. म्हणून "बारीक हाय, काय करतंय" हे मला पटत नाही.

सह्याद्रीच्या सदाहरित रानातला याचा भाऊबंद, पट्टेरी पोवळा, तर मीटरभरही वाढतो. पानांच्या कुजक्या थरात राहतो, पोट लालभडक. प्राणिशास्त्रज्ञ गुंथर यांनी त्याची नोंद १८६२ मध्ये केली. त्याच कुळातली आणखी एक जात पश्चिम घाटातून थेट २०१२ मध्ये नोंदली गेली, इतके हे लपून राहणारे. आग्नेय आशियातल्या निळ्या पोवळ्याच्या विषग्रंथी तर डोक्यात न मावता मानेमागं अंगात लांबवर गेलेल्या असतात. यातला एकही मी जिवंत पाहिलेला नाही. आमच्या कोरड्या मुलखाच्या वाट्याला हा बारीकच.

आणि तो कुंडीखाली येतो कशाला? वाळे खायला. ज्याच्याशी मी त्याची गल्लत केली, तेच त्याचं जेवण. आता वाळे दिसलेली कुंडी मी हातानं उचलत नाही, आधी काठीनं कलती करतो.