लग्नाचं मिक्सिंग

मी फिल्मचं शिकतोय हे नातेवाईकांत कळलं तेव्हापासून सुट्टीत घरी आलो की माझ्या वाट्याला एकच काम येतं, लग्नाचं मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग. शूटिंगवाला हळदीपासून बिदाईपर्यंतचा सगळा कच्चा माल हार्डडिस्कवर देऊन मोकळा होतो आणि काका म्हणतात, तू तेच शिकतोय ना, मग त्याला वरचे पैसे कशाला द्यायचे. यावेळी चुलत बहिणीचं लग्न होतं, अमळनेरला, ऐन मे महिन्यात. फुटेजमधे निम्मी माणसं रुमालाने मान पुसताहेत आणि उरलेली निम्मी कूलरसमोरच्या खुर्च्या धरून बसलीयेत.

क्लासमधे आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न विचारतात, इथे कट का मारला. वॉल्टर मर्च म्हणून मोठे एडिटर आहेत, त्यांनी कट निवडायच्या कारणांना चक्क टक्के दिलेत, भावनेला ५१, गोष्ट पुढे जाते का याला २३, लयीला १०, आणि मग प्रेक्षकाची नजर कुठे आहे वगैरे करत करत पडद्यावरची माणसं जागच्या जागी आहेत का याला शेवटचे ४. म्हणजे भावना बरोबर असेल तर बाकी थोडं इकडेतिकडे चालतं. मला हे पटतं. पण या यादीत 'धुळ्याचे मामा दिसले पाहिजेत' याला टक्केच नाहीत, आणि आमच्या घरात खरे ५१ टक्के त्यालाच आहेत.

आजीला व्हिडिओचा पहिला कट दाखवला. मी मंगलाष्टकांचा आवाज आधी सुरू केला होता, चित्र अजून नवरीच्या खोलीतच, ती आरशात बघून नथ नीट करतेय आणि वरून 'सावधान' ऐकू येतंय, मग मांडव. याला जे-कट म्हणतात, मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो. आजीने स्क्रीनच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, "हाऊ कोन शे?" मागे कोणीतरी अक्षता टाकत होतं, अर्धा चेहरा दिसत होता. कोण ते सांगेपर्यंत शॉट गेला. "त्याले काबर कापी टाकं?" मग मागे घेतलं, थांबवलं, माणूस ओळखला, तो कोणाच्या सासरचा, त्याची जमीन कुठे, सगळं झालं, मग पुढचा शॉट आणि परत तेच. जेमतेम वीस मिनिटांचा व्हिडिओ, पण दुपार गेली त्यात. आणि खरं सांगायचं तर इतकं बारकाईने फ्रेम बघणारा प्रेक्षक मला क्लासमधे अजून भेटलेला नाही. आम्ही तिथे गोष्ट काय झाली ते बघतो, आजी कोण आलं होतं ते बघते.

पण मजा झाली ती फुईच्या, म्हणजे आत्याच्या शॉटची. पंगतीच्या आधी मागच्या बाजूला चुलीवर वांग्याच्या भाजीचं मोठं पातेलं होतं, सरपण ओलं असावं, धूर सगळा एका बाजूला येत होता आणि फुई नेमकी तिथे उभी राहून पदराने डोळे पुसत होती. तीन-चार सेकंदाचा शॉट, चेहरा एकदम जवळून, नाक लाल, मागे सगळं ब्लर, धूरही दिसत नाही. शूटिंगवाल्याने का घेतला देव जाणे, पण सुंदर घेतलाय. तो मी उचलला आणि बिदाईत टाकला, गाडीचं दार बंद होतं, बहीण काचेतून बघते, आणि लगेच फुई. सगळं घर रडलं. काकू तर उठून आतच गेल्या.

हे काही मी शोधून काढलेलं नाही, रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने साधारण १९२० च्या आसपास हेच करून बघितलं होतं. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या बशीनंतर दाखवायचा, एकदा शवपेटीनंतर, आणि लोक म्हणतात वा, काय भूक दाखवलीय, काय दुःख दाखवलंय. पुस्तकात वाचताना वाटायचं लोक इतके भोळे असतात का. असतात, मीपण असतो, धूर माहीत असूनही तिसऱ्यांदा बघताना माझाच घसा दाटला.

फुईला मी खरं सांगून टाकलं, म्हटलं हे तू भाजीपाशी होती तेव्हाचं आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच लग्नाला नव्हतो. "काही बी नको सांगू भो, मी तं रडनूच व्हतू." आता यावर काय बोलणार. रडलीही असेल, बिदाईच्या वेळी कॅमेरा तिच्याकडे नव्हता एवढंच मला माहीत आहे.

मागे जळगावहून एसटीने अजिंठ्याला गेलो होतो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मातल्या एका गोष्टीची, रंगवलेली भिंत आहे, त्यात राजा एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, महालात राणीजवळ बसलेला, मग स्वारी घेऊन बाहेर पडलेला. मधे चौकट नाही, रेघ नाही. खांब येतो, दरवाजा येतो, राजा त्या दरवाजातून बाहेर पडला की सीन बदलला. म्हणजे कट आहेच, फक्त तो कट कधी घ्यायचा हे बघणाऱ्याने ठरवायचं, आणि तोवर कोपऱ्यातल्या दासीकडे हवं तेवढा वेळ बघत बसायचं. आजीला हे फार आवडलं असतं. तिथे कोणी कापून टाकत नाही.

म्हणून मग मी दोन व्हर्जन केली, एक माझं छोटं आणि एक आजीचं लांबलचक, त्यात अक्षता टाकणारा प्रत्येक हात आहे, आहेराची माइकवरची नावं पण पूर्ण आहेत. माझं कोणी फॉरवर्ड करत नाही, फुईचा शॉट तेवढा स्टेटसला फिरतोय.

काल वरपक्षाकडून फोन आला, व्हिडिओ छान झालाय म्हणाले, पण तुमच्याकडची माणसं एवढी भावुक आणि आमची नुसती वरण-बट्टी खातानाच दिसताहेत, हे काही बरोबर नाही, आमच्या मोठ्या ताईंचं पण काहीतरी टाका. तेव्हापासून चुलीकडचं फुटेज पुन्हा बघतोय, ताई धुराच्या बाजूला कधी येतात का ते.