रॉकवूलच्या ठोकळ्यांवरचे शेवाळ कसे आटोक्यात आले

मातीविना, म्हणजे हायड्रोपोनिक्स पद्धतीने, रोपे वाढवायला सुरुवात केली, तेव्हा मुळकुजीची आणि खतांचे प्रमाण चुकण्याची भीती मनात होती. शेवाळाचा विचार मात्र एकदाही आला नव्हता. पहिल्या लागवडीत लेट्यूस आणि तुळस यांची मिळून चोवीस रोपे रॉकवूलच्या छोट्या ठोकळ्यांमध्ये होती. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेल्या धाग्यांचे, मातीऐवजी वापरायचे लोकरीसारखे माध्यम. वर एलईडी दिवे रोज १६ तास चालत, आणि मी दिवसातून दोन वेळा झारीने प्रत्येक ठोकळ्याच्या माथ्यावर पोषकद्रावण घालत असे. दहा-बारा दिवसांनी ठोकळ्यांच्या कडांवर फिकट हिरवी झाक दिसू लागली, आणि खरे सांगायचे तर ती मला आवडली, कारण सगळे काही जोमाने वाढत असल्याची ती खूण वाटली. पुढच्या आठवड्यात त्याच झाकेचा गडद, बुळबुळीत थर झाला. दात कोरण्याच्या काडीने तो उचलून पाहिला, तेव्हा दुधावरची साय निघावी तसा अखंड पापुद्रा वर आला आणि त्याच्याखाली रॉकवूलचे धागे चिकटून बसलेले दिसले.

हा थर रोपांचे अन्न पळवतो, असा माझा पहिला समज झाला. तो फारसा बरोबर नव्हता. ठोकळ्याच्या माथ्यावरचे शेवाळ जेवढे नत्र किंवा स्फुरद घेते, ते रोपाच्या गरजेपुढे किरकोळ असते. त्रास होतो तो दुसऱ्याच वाटांनी. तो पापुद्रा माध्यमाचा पृष्ठभाग सतत ओला ठेवतो, वरून घातलेले द्रावण नीट आत शिरू देत नाही, हवेलाही आडकाठी करतो आणि बारीक माश्यांना घर व अन्न दोन्ही देतो. माझ्याकडे त्या माश्या तिसऱ्या आठवड्यात आल्या. पिवळ्या चिकट सापळ्यांवर अडकलेल्या माश्या भिंगाखाली पाहिल्या, तेव्हा त्या दोन जातींच्या निघाल्या. लांब पायांच्या, लांब मिशांच्या आणि डासासारख्या नाजूक होत्या त्या फंगस नॅट. त्यांच्या अळ्या बुरशी आणि शेवाळ खाता खाता कोवळ्या मुळांनाही कुरतडतात. आखूड मिशांच्या, दणकट अंगाच्या आणि पंखांवर फिकट ठिपके असलेल्या होत्या त्या शोअर फ्लाय. त्यांच्या अळ्या मुख्यतः शेवाळावरच जगतात आणि मुळांना सहसा थेट इजा करत नाहीत. हा फरक कळल्यावर मला निदान कोणत्या माशीची चिंता करायची, एवढे तरी समजले.

उपाय म्हणून मी आधी औषधाकडे वळलो. तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून ठोकळ्यांवर फवारले. पांढरा फेस आला, हिरवा रंग उडाला, आणि मी समाधानाने झोपलो. पाचव्या दिवशी कडा पुन्हा हिरव्या झाल्या होत्या. पेरॉक्साइडचे विघटन होऊन पाणी आणि प्राणवायू तयार होतो, त्यामुळे त्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो; हवेतून आणि पाण्यातून येणाऱ्या नव्या बीजाणूंना तोच ओला, उजेडातला पृष्ठभाग पुन्हा मोकळा मिळतो. हे तेव्हा उमगले नाही. उलट, मात्रा कमी पडली असावी असे समजून पुढच्या खेपेला मी पाणी न मिसळताच ते ओतले, आणि तेही तीन दिवस लागोपाठ. सहा रोपांची ठोकळ्याबाहेर डोकावणारी मुळे तपकिरी पडली. शिवाय मुळांच्या रक्षणासाठी द्रावणात मुद्दाम सोडलेले उपयुक्त जिवाणू त्यात टिकले असण्याची शक्यताच नव्हती. म्हणजे एका हाताने जिवाणू घालायचे आणि दुसऱ्या हाताने तेच मारायचे, असा माझा कारभार चालला होता.

त्यानंतर दिव्यांचे तास १६ वरून १० वर आणले. शेवाळाचा जोर थोडा कमी झाला, पण लेट्यूसची रोपे लांबोडी आणि लुळी पडली. अत्यंत कमी उजेडातही शेवाळ तग धरते. रोपाला मात्र तेवढ्यावर भागत नाही. या खटाटोपात आधी हार खाणार ते रोपच, हे लक्षात यायला मला दहा दिवस लागले.

वाट सापडली ती एका निष्काळजीपणामुळे. वाणाचे नाव लिहिलेली पुठ्ठ्याची एक पट्टी दोन ठोकळ्यांवर आडवी पडली होती आणि मी ती आठवडाभर उचललीच नव्हती. उचलली, तेव्हा तिच्याखालचा रॉकवूल अगदी कोरा, पिवळसर पांढरा होता आणि पट्टीच्या कडेपासून हिरवा थर असा सुरू होत होता, की जणू कोणी पट्टी ठेवून रेघ ओढली आहे. पाणी तेच, द्रावण तेच, तापमान तेच. फरक फक्त उजेडाचा होता. शेवाळाला ओल, अन्न आणि उजेड या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांपैकी पहिल्या दोन हायड्रोपोनिक्समध्ये काढून घेताच येत नाहीत, कारण रोपही त्यांच्यावरच जगते. माध्यमाच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा मात्र रोपाला काडीचाही उपयोग नसतो. इतकी साधी गोष्ट मी महिनाभर पाहत होतो आणि मला ती दिसत नव्हती.

त्याच दिवशी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चौकोनी कापून ठोकळ्यांवर बसवला. उजेड अडला, पण कागदाची धारदार कड दोन कोवळ्या खोडांना घासली आणि तिथे जखम झाली. मग काळ्या प्लास्टिकच्या चकत्या केल्या. त्या दिव्याखाली इतक्या तापल्या, की हात लावल्यावर ऊब स्पष्ट जाणवत होती. शेवटी शेतात अंथरतात तो काळा-पांढरा मल्चिंग पेपर कामी आला. पांढरी बाजू वर ठेवली की उजेड परावर्तित होऊन माध्यम तापत नाही, आणि खालची काळी बाजू उजेड आत जाऊ देत नाही. प्रत्येक चकतीला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर देतो आणि मध्ये खोडाभोवती साधारण पाच मिलिमीटर मोकळी जागा राहील असे भोक पाडतो. पहिल्यांदा हे भोक मी खोडाला अगदी घट्ट केले होते. तिथे ओल कोंडून एका तुळशीचे खोड नरम पडले, तेव्हापासून ही मोकळी जागा सोडतो. चकती बसवण्याची वेळही महत्त्वाची आहे. बी रुजून पहिली खरी पाने, म्हणजे बीजदलांनंतरची पाने, आल्यावरच ती बसवावी. त्याआधी बसवली तर नाजूक अंकुर तिच्याखाली अडकतो.

चकत्यांबरोबर पाणी देण्याची पद्धतही बदलली. झारी बंद केली. आता ठोकळ्यांच्या साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत द्रावण चढेल इतके ट्रेमध्ये भरतो आणि थोड्या वेळाने ते पुन्हा टाकीत उतरवतो. रॉकवूलचे धागे द्रावण खालून वर ओढून घेतात आणि माथा दोन पाण्यांच्या मधल्या काळात थोडा सुकतो. केव्हा द्यायचे, हे घड्याळावर न ठरवता ठोकळा उचलून वजनावरून ठरवतो. भिजलेला आणि निम्मा सुकलेला ठोकळा यांतला फरक चार दिवसांत हाताला कळू लागतो.

माध्यम बदलले की तपशील बदलतो. भाजलेल्या मातीच्या गोळ्यांच्या कुंड्यांमध्ये मी पाण्याची पातळी वरच्या थराच्या चार-पाच सेंटीमीटर खाली ठेवतो, त्यामुळे वरचे दोन थर कोरडे राहतात आणि तेच खालच्या ओल्या गोळ्यांवर सावली धरतात. कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, शेवाळाचा पापुद्रा न होता हिरवट तपकिरी खरपुडी धरते. ती हलक्या हाताने मोडून काढली आणि वर याच कोरड्या गोळ्यांचा एक थर पसरला, तर बहुतेक काम भागते.

ठोकळे स्वच्छ झाले, तरी टाकीतले द्रावण हिरवट होतच राहिले. सामू (पीएच, म्हणजे द्रावणाच्या आम्लतेचे माप) सकाळी ५.८ असे आणि संध्याकाळी ६.५ च्या वर जाई. रोपे नायट्रेट शोषून घेतात तेव्हाही सामू वाढतो, म्हणून दोष कोणाचा हे पाहायला तेच द्रावण रोपांशिवाय दोन बाटल्यांमध्ये भरून दिव्याखाली ठेवले. एक बाटली उघडी, दुसरी पूर्ण गुंडाळलेली. उघड्या बाटलीतले द्रावण काही दिवसांत हिरवे झाले आणि दिव्याखाली दिवसभरात त्याचा सामू चढत गेला, कारण उजेडात शेवाळ पाण्यात विरघळलेला कर्बवायू वापरते. गुंडाळलेल्या बाटलीतल्या द्रावणात विशेष बदल झाला नाही. मग टाकीची परीक्षा घेतली. रात्री सगळे दिवे मालवून पेटती विजेरी रिकाम्या टाकीत ठेवली आणि झाकण लावले. पांढरे, जाड आणि भक्कम वाटणारे ते प्लास्टिक कंदिलासारखे उजळून निघाले! नळी आत जाण्याच्या भोकातून तर उजेडाची तिरीपच बाहेर येत होती. ज्या वाटेने उजेड बाहेर येतो त्याच वाटेने तो आत जातो, त्यामुळे ही परीक्षा मी आता प्रत्येक नव्या भांड्याची घेतो. टाकीला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग दिला. नुसता काळा दिला असता तर द्रावण तापले असते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात तो लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साधारण साडेसात. पारदर्शक नळ्यांच्या जागी काळ्या नळ्या घातल्या. जुन्या नळ्यांमधून सुटणारे हिरवे तुकडेच माझे ड्रिपर, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडणारी तोंडे, वरचेवर तुंबवत होते, हे त्या कापून पाहिल्यावर कळले.

दोन लागवडींच्या मध्ये सफाई करताना ट्रे, नळ्या आणि मातीचे गोळे आधी घासून घेतो, कारण चिकटलेल्या घाणीखाली औषध पोचत नाही. नंतर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणात अर्धा तास भिजवतो आणि वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतो. सामू कमी करण्यासाठी वापरायचे आम्ल या कामाच्या वेळी जवळही ठेवत नाही. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले, की विषारी क्लोरीन वायू सुटतो. रॉकवूल मी पुन्हा वापरत नाही. त्यातले जुने शेवाळ आणि मुळांचे अवशेष काढण्यात जो वेळ जातो, त्याची भरपाई होत नाही.

पेरॉक्साइडची बाटली अजून आहे, पण ती आता फक्त अवजारे पुसायला निघते. चिकट सापळा मी ट्रेच्या कडेला कायम लावून ठेवतो. महिन्यातून एखाद-दुसरी माशी त्यावर दिसते. चकतीच्या भोकात, खोडाभोवती, हिरवे वर्तुळ मात्र प्रत्येक रोपाला धरतेच. ते मी खरवडत नाही. खरवडताना खोडाला इजा होण्याचा धोका त्या वर्तुळाच्या उपद्रवापेक्षा मोठा असतो.