सेकंडहँड ट्यूबा शोधायला सातारा ते सांगली-मिरज: काय बघितलं, काय घेतलं, तुम्ही काय बघाल

आमच्या साताऱ्याच्या ग्रुपमध्ये क्लॅरिनेट आहेत, ट्रम्पेट आहेत, एक युफोनियम (ट्यूबाचा छोटा भाऊ) आहे, पण खालून बास, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, धरणारं कुणी नव्हतं आणि बासशिवाय कॉन्सर्ट बँड म्हणजे जोत्याशिवाय घर. इतके दिवस कीबोर्डवर बास मारून भागवत होतो. हे काम ट्यूबाचं, म्हणजे बासच्या मोठ्या पितळी बाजाचं, पण नवीन चांगल्या कंपनीचा लाखाच्या पुढं जातो, वर्गणीतून आमच्याकडं जमले साठ हजार, म्हणजे सेकंडहँडशिवाय पर्याय नाही. आमचे मास्तर म्हणजे फौजेच्या बँडातून रिटायर झालेले सुभेदार काका, ते म्हणाले ऑनलाइन फोटो बघून बाजा घ्यायचा नाही, फोटोत सगळेच बाजे चमकतात, हातात घेऊन फुंकायचा आणि मग बोलायचं. म्हणून ही चक्कर.

पहिली गोष्ट टायमिंग. लग्नसराई चालू असताना कुठलाही बँडवाला बाजा विकत नाही, आणि गणपती जवळ आले की परत त्याला गरज लागते. मधला आषाढाचा महिना हा खरा खरेदीचा. लग्नं बंद, पावसामुळं मिरवणुका नाहीत, पोरं घरी बसलेली, आणि डीजे-बेंजोमुळं जुन्या ब्रास बँडांची परिस्थिती तशीही नाजूक आहे, त्यामुळं मालक नीट बसून बोलतो, चहा पाजतो आणि किमतीला पण मऊ असतो. सांगली, मिरज, इचलकरंजी पट्ट्यात असे बंद पडत आलेले बँड बरेच आहेत. गाठायचे कसे, तर मंडप-डेकोरेशनवाल्याला विचारा, त्याला सगळे माहीत असतात.

निघालो ग्रुपमधल्या एका मित्राच्या इको गाडीतून. हायवेनं तासवडे टोल, कराड-मलकापूरला ट्रॅफिक धरूनच चाला, पुढं पेठ नाक्याला आत वळलं की इस्लामपूर, आष्टा करत सांगली. एसटीनं किंवा रेल्वेनं पण जाता येतं पण येताना ट्यूबा असेल तर विचार करा, साताऱ्याचं रेल्वे स्टेशन माहुलीला, गावापासून लांब, पावसात एवढं धूड रिक्षात घालून आणणं म्हणजे ताप आहे. एसटीत लगेजचं तिकीट काढून आणणारे आहेत, पण कंडक्टर तयार झाला तरी ठेवणार कुठं. गाडी असलेला मित्र बघा आणि डिझेल-पेट्रोलचा खर्च बजेटमध्येच धरा.

सांगलीत पहिला बाजा बघितला तो सुसाफोन, म्हणजे ट्यूबाचाच एक प्रकार. एका बँड मालकाच्या घराच्या माळ्यावर चार-पाच बाजे रचून ठेवलेले, वर उंदरांचा कारभार. मालक म्हणाले, "घ्या की ओ, बावीस हजारात देतो, मेरठचा माल हाय, ओरिजनल." आता मेरठ म्हणजे काय ते नवीन लोकांना सांगतो. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडातले बहुतेक पितळी बाजे उत्तर प्रदेशातल्या मेरठहून येतात, तिथं जली कोठी नावाचा भागच बाजे बनवणाऱ्यांचा आहे, आणि नादिर अली अँड कंपनी तर 1885 पासूनची. स्वस्त असतात, रस्त्यावर दणका चांगला देतात आणि दुरुस्तीला सोपे. पण हॉलमध्ये बसून, क्लॅरिनेटबरोबर सूर जुळवून वाजवायचं म्हटलं की प्रत्येक पीस वेगळा निघतो. हातानं बनवलेला माल, एखादा झकास सापडतोही, म्हणून मेरठचा म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, तपासा.

तपासायचं कसं ते काकांनी तिथं माळ्यावरच दाखवलं आणि हे मला सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात उपयोगाचं वाटलं. व्हॉल्व म्हणजे बोटानं दाबायची कळ, पिस्टन म्हणजे तिच्यातला वर-खाली होणारा दट्ट्या आणि स्लाइड म्हणजे ओढून बाहेर येणारी नळी. एका व्हॉल्वची स्लाइड घ्यायची, व्हॉल्व दाबायचा नाही, आणि स्लाइड थोडी बाहेर ओढायची. आत हवा पोचत नाही म्हणून ती परत आत खेचली जायला बघते. तशीच धरून ठेवायची, मनात पाच आकडे मोजायचे आणि मग व्हॉल्व दाबायचा. फट्‌ असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे, हवा गळत नाही. आवाजच नाही आला तर पिस्टन आणि त्याच्या नळीत झीज झालीय, हवा बाजूनं पळतेय. तिन्ही व्हॉल्वला करायचं. सांगलीच्या त्या सुसाफोनला पहिल्याला हलकासा आवाज, दुसऱ्याला फुस्स, तिसऱ्याला काहीच नाही. काकांनी पिस्टन बाहेर काढून खिडकीच्या उजेडात फिरवला, तर निकेलचं पांढरं पॉलिश एका बाजूनं पूर्ण उडालेलं आणि खालचं पिवळं पितळ दिसत होतं, त्यावर उभ्या रेघा. हे घरी दुरुस्त होत नाही, पिस्टनला नवीन थर चढवून घासून बसवावा लागतो, तसं काम करणारा माणूस आपल्याकडं मिळणं अवघड आणि खर्च बाजाच्या किमतीएवढा.

शिवाय सुसाफोन हा अंगाभोवती गुंडाळून चालत वाजवायचा बाजा, 1890 च्या दशकात अमेरिकेत सुसा या बँडमास्तरसाठी बनला, नाव त्याचंच. बसून वाजवायला स्टँड नाहीतर खास खुर्ची लागते. बजेट फारच कमी असेल तर चालतो, नाही असं नाही, पण आम्ही सोडला. मालकांना सरळ कारण सांगितलं, त्यांनाही राग आला नाही, उलट मिरजेतल्या दोन घरांचा पत्ता त्यांनीच दिला.

सांगली-मिरज दहा-बारा किलोमीटर, गप्पात पोचतो. मिरज म्हटलं की सगळ्यांना सतार-तंबोरे आठवतात, 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते बरोबरच झालं, पण तिथं पितळी बाजाची चौकशी करून उपयोग नाही, तो धंदा वेगळा, हा वेगळा. तरी दर्ग्याजवळच्या त्या गल्लीतून एक चक्कर मारली, भोपळे टांगलेले बघायला मजा येते.

मिरजेत पहिल्या घरी जे होतं ते बघून मी तर तिथंच पाकीट काढणार होतो. जुना इंग्लिश बनावटीचा ई फ्लॅट बास, म्हणजे मोकळा सूर ई फ्लॅट असलेला जरा छोटा ट्यूबा, चांदीचं पॉलिश, भोंग्यावर नक्षी, पिस्टन अजून मऊ लोण्यासारखे, फट्‌ फट्‌ फट्‌ तिन्ही पास. घरचे म्हणाले आजोबा संस्थानच्या बँडात होते, असतील. मागत होते पंचेचाळीस. काकांनी आधी पाच मिनिटं नुसता फुंकून गरम केला, हे करायचंच, थंड बाजा खाली बोलतो आणि गरम झाला की वर चढतो, म्हणून दारातनं आत आल्या आल्या ट्यूनर (सूर बरोबर आहे का दाखवणारं ॲप) लावू नका. मग मोबाइलवर ट्यूनर लावला आणि एकही व्हॉल्व न दाबता लांब सूर धरला. स्क्रीनवर एकदा ई फ्लॅट यायचं, काटा उजवीकडं टेकलेला, लगेच ई यायचं, काटा डावीकडं टेकलेला. परत ई फ्लॅट, परत ई. ॲपलाच कळेना कुठला सूर म्हणायचा. मला वाटलं ॲप गंडलं. काका हसले आणि बाजा खाली ठेवला, म्हणाले, "हाय पिचचा हाय. आपल्या कामाचा न्हाई."

भानगड अशी आहे की आज आपण ए 440 ला, म्हणजे ए हा सूर सेकंदाला 440 कंपनांवर धरून ट्यून करतो, पण इंग्लंडातले ब्रास बँड 1960 च्या दशकापर्यंत ए 452 च्या आसपास वाजायचे आणि त्यांचे बाजे त्याच मापाचे. फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनाचा (सेमीटोन म्हणजे कीबोर्डवरच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांतलं अंतर). मेन स्लाइड (सगळ्या बाजाचा सूर वर-खाली करणारी) ओढून खाली आणता येईल असं वाटतं, पण हिशोब करा, ई फ्लॅटची नळी साधारण तेरा फूट, ती पावणेतीन-तीन टक्के वाढवायची म्हणजे साडेचार इंचाच्या आसपास, स्लाइडला दोन बाजू म्हणून सव्वादोन इंच ओढायची. तेवढी ती ओढली तरी तिन्ही व्हॉल्वच्या स्लाइड पण त्याच प्रमाणात ओढाव्या लागतात, नाहीतर मोकळा सूर बरोबर आणि दाबलेले सगळे वर. नळी कापून लांब करणारे कारागीर असतात, पण त्यापेक्षा दुसरा बाजा बघा. तात्पर्य म्हणजे जुना सुंदर इंग्लिश बाजा दिसला की आधी ट्यूनर, मग कौतुक.

तिसरा बाजा मिरजेतच, पोलीस बँडातून रिटायर झालेल्या एका काकांच्या घरी. यामाहाचा तीन पिस्टनचा बी फ्लॅट ट्यूबा, म्हणजे अठरा फूट नळीवाला मोठा. दिसायला एकदम भिकार. लॅकर (वरचा चमकणारा थर) अर्धं गेलेलं, भोंग्याला पोचे, खालच्या वळणावर कुणीतरी तांबटाकडून पट्टी डाग देऊन लावलेली, आणि तिसरी स्लाइड जाम. पण व्हॉल्व तिन्ही फट्‌ वाजले आणि ट्यूनरवर बी फ्लॅट, एफ, वरचा बी फ्लॅट सरळ मध्ये. इथं एक लक्षात ठेवा, भोंग्यावरचा आणि मोठ्या वळणावरचा पोचा दिसायला वाईट असतो, आवाजाला फार फरक पडत नाही. माउथपीसजवळच्या बारीक नळीतला छोटासा पोचा मात्र त्रास देतो, हवा तिथंच अडते. त्याच नळीवर बोट फिरवून बघा आणि उजेडात गुलाबी-तांबडे ठिपके आहेत का बघा. ते असतील तर पितळातलं जस्त आतून निघून चाललंय, वरून पॉलिश करून उपयोग नाही, ती नळीच बदलावी लागते. या बाजाला ठिपके नव्हते.

मागणी अठ्ठावन्न हजार होती. जाम स्लाइड, पट्टी आणि केस नाही हे तीन मुद्दे आमच्या सुभेदार काकांनी एकेक करून काढले, दोन रिटायर माणसांच्या पेन्शनच्या गप्पा झाल्या, पोहे झाले आणि एकोणपन्नासला ठरलं. बाजाबरोबर माउथपीस मागून घ्या, आम्हाला मिळालं. वेगळं घ्यायची वेळ आली तर शँकची (माउथपीसचं बाजात बसणारं टोक) जाडी बघून घ्या, अमेरिकन आणि युरोपियन माप वेगळं असतं, सैल बसलं की सूर डळमळतो.

आणताना केस नव्हती म्हणून दोन गोधड्यांत गुंडाळला आणि मागच्या सीटवर व्हॉल्व वरच्या बाजूला येतील असा आडवा ठेवला. व्हॉल्ववर वजन येऊ द्यायचं नाही, वाकले की संपलं. सांगलीत भडंग घ्यायला थांबलो, तेव्हा गाडीभोवती पोरं जमली, एकानं विचारलं, "काका, ह्यो कुठल्या मिरवणुकीला?"

घरी आल्यावर काय करायचं ते पण सांगतो. पिस्टन काढून ठेवा, त्यावर 1, 2, 3 असे आकडे असतात, अदलाबदल करू नका. बाजा कोमट पाण्यानं आतून धुवा, कढत पाणी घातलं तर उरलंसुरलं लॅकर पण निघतं. चिंच-मीठ किंवा पितळेची पावडर चुकूनही लावू नका, आईनं कितीही आग्रह केला तरी, पावडरीचे कण पिस्टनमध्ये गेले की झीज सुरू. जाम स्लाइडला गंज सोडवणारं तेल सांध्यावर सोडून रोज थोडं थोडं करत वाट बघा, पक्कड लावायची नाही. आमची आठवडाभरात सुटली. आणि तांबटाकडून वळणावरची पट्टी ठीक आहे, पण व्हॉल्वच्या आसपास गॅसची बत्ती कुणालाही लावू देऊ नका.

तीन पिस्टनचा तोटा माहीत असू द्या. पहिला आणि तिसरा एकत्र दाबून येणारे सी आणि खालचा एफ हे सूर वर चढतात, तिन्ही दाबले की अजून जास्त. चौथा व्हॉल्व असेल तर तो एकटा दाबून हे काम होतं, म्हणून चार व्हॉल्वचा त्याच किमतीत मिळत असेल तर डोळे झाकून तो. आमच्या बजेटमध्ये नव्हता, आम्ही तिसरी स्लाइड थोडी ओढून ठेवतो आणि खालच्या एफला ओठ ढिले सोडतो, मध्यम आकाराच्या हॉलमध्ये कुणाला कळत नाही.

शेवटचं, वाजवणारा कोण ते बाजा घेण्याआधी ठरवा. कॉन्सर्ट बँडचे ट्यूबाचे कागद, म्हणजे नोटेशन, बास क्लेफमध्ये (खालच्या सुरांसाठीची लिहायची पद्धत, वरच्यांसाठी ट्रेबल क्लेफ) आणि जसा सूर तसा लिहिलेले असतात, त्यामुळं बी फ्लॅट आणि ई फ्लॅट बाजाची बोटं वेगवेगळी. ट्रेबल क्लेफवर शिकलेला युफोनियमवाला पोरगा बी फ्लॅट ट्यूबावर बोटं लगेच उचलतो, फक्त कागद नव्यानं वाचायला शिकावं लागतं. आमच्या पोराला पहिले दोन रविवार काकांनी फक्त बी फ्लॅटची स्केल लांब सुरात दिली, तिसऱ्याच मिनिटाला चक्कर येते, तेव्हा बसूनच सुरू करा आणि जेवून लगेच नको.