पुस्तक मिटल्यावर

शाळेच्या या अंकात आठवणी इतरांनी भरपूर लिहिल्या असतील. याच शाळेत शिकून आता गणित शिकवणारे आम्ही दोघे आमच्या वाट्याचं पान दहावीच्या मुलांसाठी, स्वयंअध्ययनावर खर्च करतो.

एकट्याने वाचत बसलं की स्वयंअध्ययन झालं, असं नाही. पायथागोरसचं प्रमेय घ्या. सिद्धता दोनदा वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. त्रिकोण अबक, ब काटकोन. पहिली अडचण इथेच: कर्णावर बड लंब टाकायचा हे सुचत नाही, कारण पुस्तकातल्या आकृतीत तो आयता काढलेला असतो. दुसरी समरूपतेत. त्रिकोण अबक हा त्रिकोण अडबशी समरूप आहे. शिरोबिंदूंचा क्रम महत्त्वाचा. घाईत 'अबड' लिहिलं की संगत बाजू चुकतात, अब भागिले अब असलं काहीतरी हाती येतं आणि गाडी रुतते. क्रम बरोबर असेल तर अब² = अक × अड, तसंच बक² = अक × कड; बेरीज केली की झालं.

अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका. पाच मिनिटं झगडा. मग तेवढी एकच ओळ बघा, अडल्या जागी लाल खूण करा आणि सिद्धता पुन्हा पहिल्यापासून लिहा. हे 'पहिल्यापासून' बहुतेक जण टाळतात. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग आठवड्याने तेच करा. दर वेळी दहा मिनिटं पुरतात.

नुसतं पुन्हा वाचणं फसवं, कारण ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हे तपासलं. उतारा दोनदा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्केच आठवलं. एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या वाचनाला लोक इतके का भुलतात, ते यात आलं.

एकट्याने सगळं सुटत नाही, हेही खरं. चुकीची समजूत स्वतःची स्वतःला दिसत नाही. म्हणून लाल खुणांचा तो कागद टाकू नका, बाईंकडे घेऊन जा. "प्रमेय कळलं नाही" म्हटलं की त्यांना सगळं पुन्हा शिकवावं लागतं, "लंब इथेच का टाकायचा?" एवढंच विचारलं तर मधल्या सुट्टीतही काम होतं.