‘छान आलाय’च्या पुढचं बोलणं

हौशी फोटोग्राफरांच्या गटात मी आले ती गरजेपोटी. घरचे आणि मित्रमंडळी फोटो बघून ‘छान आलाय’ म्हणतात, मनापासून म्हणतात. पण त्यावरून पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते कळत नाही. गटाचा नियम साधा: एकच प्रिंट आणायची, टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत आपण गप्प बसायचं.

ते गप्प बसणंच सगळ्यात जड जातं. माझ्या फोटोत बाकावर बसलेले आजोबा होते, मांडीवर झोपलेला नातू. त्या क्षणासाठी मी किती ताटकळले होते ते सांगायला ओठ शिवशिवत होते. पण बघणाऱ्याला माझं ताटकळणं दिसत नाही, त्याच्यापुढे असते ती फक्त चौकट. गटातले एक काका म्हणाले, “माझी नजर आधी इथे गेली,” आणि उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांनी अंगठा ठेवला. खुर्ची झाकली गेली तशी नातवाच्या केसांतली आजोबांची बोटं एकदम पुढे आली. नजर आधी उजेडाकडे धावते हे मी वाचलेलं होतं. पटलं ते त्या अंगठ्याने. मग काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे प्रिंटवर सरकवत त्यांनी क्रॉप, म्हणजे कडा कापणं, कुठवर चालेल ते दाखवलं. डावीकडून फार आत आलं की आजोबा जिकडे बघतायत ती मोकळी जागाच जाते आणि चित्र गुदमरतं, हेही तिथेच दिसलं.

क्रॉपवरून वाद होतोच. फ्रेम कॅमेऱ्यातच जमली पाहिजे, असं ठामपणे म्हणणारे असतात आणि फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा दाखला देतात, कारण त्यांना कापाकापी पसंत नव्हती. पण पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा प्रसिद्ध फोटो क्रॉप केलेलाच आहे. कुंपणाच्या फटीतून काढताना कडेची फळी आड आली होती. मला तरी हा वाद तत्त्वाचा वाटत नाही. समोरच्या फोटोला गरज आहे का, एवढंच बघावं.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलायला मात्र मला जास्त वेळ लागला. ‘शार्प नाही’ म्हणून सोडून देणं सोपं, पण त्याने समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. आता मी आधी बारकाईने बघते. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय? मग कॅमेरा हललाय. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमीची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स हातात धरून १/६० सेकंदाच्या शटरला काढलं, आणि हलणं सावरणारी सोय नसली, तर हे बहुधा व्हायचंच. निदान १/२०० तरी हवा. चेहरा मऊ आणि मागची भिंत लख्ख? फोकस मागे गेला. बाकी सगळं स्थिर आणि फक्त धावणारं मूल पुसट? मग शटर त्याच्या वेगाला पुरलं नाही, आणि कधीकधी तो पुसटपणाच फोटोचा जीव असतो. तेव्हा तो दोष म्हणून सांगूच नये.

‘मी असते तर खाली बसून काढला असता’ हे वाक्य मी टाळते. तो मग माझा फोटो झाला. समोरच्याला काय दाखवायचं होतं, ते पोचलं का, अडलं असेल तर कुठे, एवढंच बोलणं मला उपयोगाचं वाटतं. जे चांगलं आहे तेही तितकंच नेमकं सांगावं. ‘खिडकीचा उजेड गालावरून हनुवटीपर्यंत हळूहळू उतरलाय’ हे ऐकलं की माणूस तो उजेड पुन्हा शोधू लागतो.

ऐकलेलं सगळं मी मानत नाही. दोघा-तिघांची नजर न ठरवता एकाच जागी अडली तर बदल करते. एकट्याची आवड असेल तर ऐकून घेते आणि फोटो तसाच ठेवते.

हल्ली प्रिंटसोबत चिठ्ठीवर एक प्रश्नही ठेवते. ‘कसा वाटला?’ विचारलं की गाडी पुन्हा ‘छान’वरच येते. मागच्या वेळी लिहिलं होतं: ‘सावलीतला डोळा दिसतोय का?’ जवळजवळ सगळे नाही म्हणाले. घरी स्क्रीनवर तोच डोळा स्वच्छ दिसत होता. मॉनिटर भलताच उजळ ठेवलेला असला की आपण फोटो नकळत गडद ठेवतो आणि प्रिंट काळवंडते. ब्राइटनेस उतरवून मी फोटोतल्या सावल्या पुन्हा उजळ केल्यात. ती प्रिंट पुढच्या बैठकीला न्यायची आहे, त्याच प्रश्नासह.