न टिपलेल्या प्रकाशाचे चित्र

व्हिएन्नामध्ये २०१४ साली गॅब्रिएला बरेटो लेमोस, अँटोन झायलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेले मांजराचे चित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो, कारण जे फोटॉन (प्रकाशाचे कण) त्या मांजरापर्यंत गेले, ते कॅमेऱ्यापर्यंत कधी पोहोचलेच नाहीत. हिरव्या लेसरचा झोत दोन स्फटिकांतून जातो आणि तिथे क्वचित एखाद्या फोटॉनपासून जुळे फोटॉन जन्मतात, एक १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि दुसरा ८१० नॅनोमीटरचा. पहिला पुठ्ठ्यात कापलेल्या, जेमतेम काही मिलिमीटरच्या मांजराच्या आकृतीवर पडतो आणि पुढे सोडून दिला जातो. कॅमेरा टिपतो तो फक्त दुसरा. तरीही आकृती उमटते, कारण जोडी कोणत्या स्फटिकात जन्मली हे कळण्याचा कोणताही मार्ग नसेल तिथेच व्यतिकरण, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उजळ-काळोख्या छटा उमटणे, घडते; पुठ्ठ्याने अडवलेला फोटॉन मात्र जोडीचे जन्मस्थान कळण्याचा मार्ग उघडा करतो आणि तिथे व्यतिकरण थांबते.

मला याचा उपयोग सर्वाधिक मोलाचा वाटतो तो ऊतींच्या तपासणीत. मध्य-अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा लांब लहरींचा, प्रकाश टिपणारे कॅमेरे महाग असतात; इथे मात्र तो प्रकाश फक्त ऊतीवर पडतो आणि कॅमेरा टिपतो त्याचा जुळा. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये उंदराच्या हृदयाच्या ऊतीचे मध्य-अवरक्त चित्र साध्या सिलिकॉन कॅमेऱ्यावर मिळवले, तेही ऊतीला रंग न देता.